हातचा एक

शनिवार, १४ मार्च

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक आहे. पत्र बघून दचकू नकोस, कुणाचं काही झालेलं नाही. फोनवर तू "बरं, बरं" म्हणत ठेवून देतेस. पत्र निदान अर्धं तरी वाचावं लागतं.

बातमी अशी की जूनमध्ये आम्ही अख्खं खटलं घेऊन तुझ्या देशात येतोय. आईला ऐंशी पुरी झाली आणि तिने जाहीर केलं, "मला विमानात बसायचंय." कुठे जायचं विचारलं तर म्हणे, "जाईल तिथे." आणि मग देश मात्र तिनेच ठरवला. म्हातारी दिसते तेवढी भोळी नाही.

राहायचं कुठे यावरून घरात नुसतं रणकंदन. दादाची सून संगणकावर एकेक जागा दाखवायची आणि कुणी ना कुणी नाक मुरडायचं. समुद्राकाठचा बंगला छान होता, पण जिने फार. हॉटेलात आमच्या खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर. आई म्हणाली, "मग आपापल्या घरीच काय वाईट आहोत?" पोरांना पोहायला तलाव हवा, आमच्या ह्यांना उठल्याउठल्या चहा हवा. जितकी तोंडं तितकी मतं. दादा पेपर तोंडासमोर धरून बसला होता, जसं काही त्याला यायचंच नाही.

शेवटी सुनेने एक शेतघर काढलं. दगडी घर, पुढे गोठा, गोठ्यावर गवताचा माळा. मालकीणबाई स्वतः धारा काढतात, पाहुण्यांनाही बसवतात. तेव्हा पेपर खाली आला. दादाने विचारलं, "माळ्याची शिडी कुठल्या बाजूने आहे?"

सून हसायला लागली. मला काही हसू आलं नाही.

आपला माळा आठवतो ना तुला? रुसलीस की तू तिथे, गवतात नाकापर्यंत बुडून बसायचीस. दिवेलागणीला बाबा फाटक लावायचे आणि अंगणातून हाक द्यायचे, "कोण कोण आलं?" आपण सगळी सख्खी-चुलत पोरं जिथे असू तिथून "आहे" ओरडायचो आणि बाबा मोजायचे. स्वतःला मोजायला हमखास विसरायचे. आई आतून म्हणायची, "आणि मोजणारा?" की बाबांचं ठरलेलं, "हातचा एक." बेरजेत धरतात तसं. मोजणी जुळल्याशिवाय ताटं वाढली जायची नाहीत. तू तर रुसलेली, हूं की चूं नाही. मग दादा एकदा स्वतःच्या आवाजात "आहे" म्हणायचा आणि एकदा तुझ्या. त्याचा आवाज फुटला तरी ते सोंग चालूच होतं. रेडकू ओरडल्यासारखं वाटायचं. बाबांना काय कळत नव्हतं? पण कधी बोलले नाहीत. जेवणं झाली की दादा तुझं ताट घेऊन शिडी चढायचा. मला त्या दिवसांची फार आठवण येते गं.

हे सगळं लिहिलं म्हणजे पुढचंही लिहायला हवं. टाळून किती टाळणार?

शेत दादाने तुला न विचारता विकलं. तू पोरांना माळा दाखवायला म्हणून थेट तिकडे गेलीस आणि फाटकाला परक्याचं कुलूप. चूक त्याचीच, मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. कसणारं कुणी उरलं नव्हतं हे खरं, पण एक फोन करायला काय झालं होतं? तो एकदाच बोलला, "तिचा आवाज ऐकला असता तर माझ्याच्याने सही झाली नसती." पुन्हा तो विषय नाही.

आता मूळ मुद्दा. शेतघर ठरलं, खाटांचा आकडा दादाने कळवला. मालकीणबाईंचा निरोप आला की खाटा चौदा सांगितल्यात आणि नावं तर तेराच आलीत. सून म्हणाली, "बाबा, तुमची मोजणी चुकली."

"चुकली नाही," दादा म्हणाला. "तेरा, आणि हातचा एक."

"अहो, तुम्हाला धरलंय की. पहिलं नाव तुमचंच आहे."

दादा पेपर उचलून उठून गेला. आई म्हणाली, "चौदाच राहू दे." नंतर मी नकाशा उघडला तर त्या शेतघराच्या शेजारचं मोठं गाव तुझंच निघालं.

तो फोन करणार नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, आणि तू त्याचीच बहीण. माफ कर असंही मी सांगत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण आईचा हा पहिला विमानप्रवास आहे आणि, खोटं कशाला बोलू, शेवटचाही असणार. तिला एकदा सगळी पोरं एका छपराखाली झोपलेली बघायची आहेत. तोंडाने म्हणत नाही, पण नुसतं विमानात बसायला कुणी तुझ्या देशात येत नाही.

शिडीचं मी मालकीणबाईंना विचारून घेतलं. उजव्या बाजूने आहे, आपल्यासारखीच. दिवेलागणीला आई अंगणात उभी राहून मोजणार, हे आत्ताच ठरलंय. दादा आता साठीचा झाला, दोन पायऱ्या चढला तरी त्याला धाप लागते. तुझा आवाज त्याला काढता यायचा नाही.

तुझं "आहे" या वेळी तूच म्हण.

ताटं न वाढता थांबलेली,
तुझी अक्का