नीळ जरा जास्त झाली

८ मे २०१६

आठ दिवसांनी टँकर! अंगणवाडीतून धावत आले, तरी पाचच घागरी मिळाल्या. पाणी चहासारखं. तुरटी फिरवली.

सासूबाईंनी आजही अर्धीच भाकरी खाल्ली. हे जाऊन वर्ष होईल. नव्या इमारतीच्या परांचीवरून पडले, तेव्हापासून सासूबाई या खोलीबाहेर पडलेल्या नाहीत. विहाराचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. अशानं त्याही जातील की काय, भीती वाटते.

१२ मे

विहारातल्या लीलाबाई म्हणाल्या, "पुतळाबाईला आण की गं पुनवेला." म्हटलं, सासूबाई दुःखातून बाहेरच येत नाहीत. तर म्हणतात, "तथागतानं दुःखाचं सांगितलं, तसं आनंदाचं बी सांगितलंय. तेवढंच कसं इसरता गं तुम्ही?"

रागच आला. बोलायला काय जातंय!

१५ मे

आज टँकरवर पहिला नंबर लागला आणि घागर भरताना मी चक्क गुणगुणत होते! आधी लाज वाटली. मग वाटलं, लाज कसली? आपणहून आलंय, घ्यावं.

१९ मे

पुनवेसाठी पांढरी साडी धुतली. यांनी घेतलेली शेवटची. टँकरच्या पाण्यानं पार मातकट झाली! म्हणून नीळ घातली. फरक दिसेना — अजून घातली. अजून जरा.

वाळल्यावर बघते तर आकाशी! पुनवेला सगळ्या पांढऱ्यात, आणि मी अशी? परत धुवायला पाणी कुठलं! साडी मांडीवर घेऊन रडले.

२१ मे, वैशाख पौर्णिमा

नेसले तीच. दुसरी आहे कुठं?

सासूबाईंनी मान वळवली. "ह्ये काय गं?"

"नीळ जास्त झाली."

"आगं, चौदा एप्रिल कवाच झालं! मिरवणुकीला निघाली व्हय?" आणि हसल्या! पदर तोंडाला लावून, खोकला येईपर्यंत. मग म्हणाल्या, "बिभीषण आसता तर लई हसला आसता." वर्षात पहिल्यांदा यांचं नाव घेतलं. मग दोघीही रडलो. पण आल्या नाहीतच.

विहारात गेले तर कुणाची साडी मातकट, कुणाची पिवळट. एकीचीही पांढरी नाही! एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की वंदना दोनदा सुरू करावी लागली. लीलाबाईसुद्धा हसत होत्या. खीर पातळ होती, तरी गोड लागली. हा आनंद काही मी कमावलेला नाही. धम्मानं ओंजळीत घातला. हात जोडले. घरी वाटीभर खीर नेली, सासूबाईंनी सगळी संपवली.

२० जून, ज्येष्ठ पौर्णिमा

पहाटे उठले तर दोरीवर माझ्या साडीशेजारी सासूबाईंची पांढरी साडी, वर्षभर पेटीत पडलेली. माझ्यापेक्षा निळी! हात कोपरापर्यंत निळे करून दारात बसलेल्या. म्हणाल्या, "तू एकलीच मिरवणार व्हय? चल, आवर लवकर."