मगातला रेझर

१० नोव्हेंबर

ठरलं शेवटी! वीस तारखेला गर्भपिशवी काढायची. सिस्टरने बजावलं — "तयारी आमी करू मॅडम, केस काढायचे तेबी. घरी काय करू नका." सिस्टर म्हणजे वैष्णवी, हिर्डोशीची. माझ्याच वर्गात होती. "मुलींनो, शरीराची लाज कसली?" हे मीच शिकवलेलं. आणि आता तिच्यासमोर मी तशी झोपणार? छे!

नवरोबा उपेंद्र ट्रेनिंगला नाशिकला. "दहा दिवस दाढीला सुट्टी," म्हणाला होता, त्यामुळे त्याचा रेझर न्हाणीतल्या मगातच होता. घाईघाईत, कोरड्यावरच फिरवला. दोन ठिकाणी कापलं. धुऊन जिथल्या तिथे ठेवला. पातं बदलायला हवं होतं, पण घरात दुसरं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

खाज. लाल पुटकुळ्या. शाळेत स्टाफरूममध्ये नूतन — "अगं बाई, शैलजाताई, बदकासारख्या काय चालताय?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

१४ नोव्हेंबर

भोरमध्ये कुणाकडे औषध मागणार? प्रत्येक दुकानात कुणाचे तरी पालक. एसटीने किकवीला गेले. दुकानदार विचारतो — "कुठं लावायचंय, ताई?" तोंडातून निघून गेलं — गुडघ्याला! "मग ह्ये न्या. लई भारी मलम. दोन दिसांत गुडघा पळाया लागंल बघा."

लावलं, आणि आगच आग. त्याचा काय दोष? खोटं मी बोलले. पातंही आणायचं राहिलं.

१५ नोव्हेंबर

लाल भागाच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवली.

१६ नोव्हेंबर

लाली रेघेच्या बाहेर गेलीय.

१७ नोव्हेंबर

ताप. जांघेत गाठ. पू येतोय. गेल्या वर्षी उपेंद्रला चप्पल लागली होती. शुगरमुळे एवढीशी जखम तीन महिने भरली नाही, बोट जाता जाता वाचलं. दाखवायला उशीर केला म्हणून त्याला किती बोलले होते मी! आणि स्वतः? उद्या जायचंच.

१८ नोव्हेंबर

वैष्णवीने पडदा ओढला. हसली नाही, काही नाही. "मॅडम, आदी का न्हाई आलात? आमी हितं कशाला आहोत?" एवढंच. डॉक्टरांनी गळू फोडलं, पू तपासायला पाठवला. ऑपरेशन पुढे गेलं. सलाईन, इंजेक्शनं. मला ठेवून घेतलंय.

डॉक्टरांनी विचारलं, रेझर कुणाचा? — माझाच, म्हटलं. हे दुसरं खोटं. "आधी फेकून द्या. घरात शुगरचं कुणी असेल तर हातही लावू देऊ नका."

तो मगातच आहे. उपेंद्र परवा येणार. फोन करून सांगू? काय सांगू — तुझा रेझर मी कुठे वापरला ते? दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला. उद्या सोडतील मला बहुतेक. त्याच्या आधी घरी पोचेनच मी.

१९ नोव्हेंबर

सोडलं नाही. ताप उतरत नाही. वैष्णवीने परस्पर उपेंद्रला कळवलं होतं.

आत्ता येऊन बसलाय माझ्याजवळ. पहाटेच घरी पोचला म्हणे. गाल गुळगुळीत. हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला, मधोमध लाल. "म्हटलं, त्या अवतारात तुझ्यासमोर नको. पण पातं अगदीच गेलंय गं ते!"