भुताचं हेल्मेट

नेहरू नगर, भिलाई

प्रिय राजदीप,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. पण हे पत्र तुझ्या आईकडून वाचून घेऊ नकोस. हळूहळू का होईना, स्वतःच वाच. फोनवर मला नीट बोलता येत नाही. परवा तू म्हणालास, सिनेमा मोबाइलवर टाकण्याआधी काकांचा शिडीवरचा सीन काढून टाकतो, आणि मी नुसतं "हं" म्हटलं. तुला तो होकार वाटला. प्राचीलाही तेच वाटलं. तिचा पुण्याहून सारखा फोन असतो, "आई, हॉलमध्ये कोणी काढलेल्या बाबांच्या क्लिपवर लोक हसून राहिले, मला नाही पाहावत." मुलगी म्हणून तिचं बरोबर आहे. पण माझं "हं" म्हणजे हो नव्हतं. मला विचार करायला वेळ हवा होता, एवढंच.

आधी सिनेमाबद्दल सांगते. तू शोच्या दिवशी मागच्या दाराने निघून गेलास आणि तेव्हापासून रायपूरहून घरी आलाच नाहीस. कोणी काही बोललं की तुला वाटतं ते तुझी समजूत काढताहेत. मी समजूत काढणार नाही. तुझा 'नीचेवाला' काही चांगला झालेला नाही. भीती वाटली नाही. जमिनीखालचं ते तळघर दोन तास पाहिलं, पण तोच कोपरा पुन्हा पुन्हा येत होता. मला ओळखू आला, कारण प्रत्येक वेळी भिंतीवर तोच पानाचा डाग होता. कोळ्याची जाळी दवाखान्यातल्या कापसाची होती. दगडाला तुझ्या हिरॉइनचा, त्या टीनाचा, धक्का लागला तर दगड हलला. सिंधुताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या घरून चिवडा घेऊन आल्या होत्या आणि मध्येमध्ये विचारत होत्या, "शालू, भूत केव्हा येते वं? माझा चिवडा संपून राहिला." इंटरव्हलच्या आत त्यांना डुलकी लागली.

हे सगळं लिहिताना मला हसू येतं आहे, तू रागावू नकोस. काका गेल्यानंतर मी पहिल्यांदा घराबाहेर पडले ती तुझ्या सिनेमाला. पावसाळा संपता संपता ते गेले, आणि थंडीत तुझा शो झाला. मधल्या दिवसांत मी भाजीलाही गेले नव्हते.

तुला आठवतं ना, हे सगळं कसं सुरू झालं? नंदिनी रोडच्या त्या बंद कारखान्याचं तळघर तुला शूटिंगला मिळालं, तेव्हा तू आनंदाने आमच्याकडे पेढे घेऊन आलास. काकांनी पेढा हातातच धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "शिडी कशी आहे?" तू म्हणालास, लोखंडी आहे, जुनी आहे, एकदम भारी दिसते. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाना आणि टॉर्च घेऊन तुझ्या आधी तिथे हजर. शिडीची एकेक पायरी ठोकून पाहिली, दोन बदलून घेतल्या. मग भुताचं काम करणारा तो रायपूरचा नट आलाच नाही, आणि तू काकांकडे पाहिलंस. आयुष्यात गणपतीच्या नाटकात पडदा ओढण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं. मला वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "बोलाचं जास्त नाही ना? मंग करतो."

तोंडाला पावडर, अंगावर फाटकं कांबळं. आणि डोक्यावर हेल्मेट! त्यावरून तुमचं झालेलं भांडण मी एकदा डबा घेऊन आले तेव्हा ऐकलं. तू म्हणालास, "काका, भूत हेल्मेट पहनता है क्या कभी?" आणि ते शांतपणे हनुवटीखालचा पट्टा आवळत म्हणाले, "कावून? भुताले डोकं नसते का?" तुझ्या टीममधली सगळी पोरं हसली. तू हात जोडलेस. हेल्मेट राहिलं.

आता ज्या सीनसाठी लोक हसतात त्याबद्दल. भूत शिडीपाशी येतं. एकदम खाली उतरून वर उभ्या टीनाला दम द्यायचा, असं तू लिहिलं होतंस. काका शिडीपाशी आले, खिशातला पाना काढला, कठड्यावर तीनदा ठोकला आणि उभे राहिले. नुसते उभे. तू मागून हातवारे करत होतास म्हणे, ते हलेनात. जनरेटर परत द्यायचा होता, पुन्हा शूटिंग करायला वेळ नव्हता, म्हणून तू ते तसंच ठेवलंस. हॉलमध्ये लोक ओरडायला लागले, "भूत अटक गया!" कोणीतरी म्हणालं, "नेटवर्क नहीं मिल रहा!"

आमच्या रांगेच्या टोकाला कॅम्प-१चे बाबुलाल बसले होते. काकांबरोबर रोलिंग मिलच्या खाली, तेलाच्या पंपांच्या तळघरात त्यांनी सगळी नोकरी काढली. हेल्मेट दिसलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडले होते, "टिकाराम भइया के भूत घलो सेफ्टी वाला हे!" म्हणजे काकांचं भूतसुद्धा सेफ्टी पाळणारं. पण ठोकण्याचा आवाज झाला आणि ते पुढे सरकून बसले. मग त्यांनी बोटातली अंगठी खुर्चीच्या लोखंडी हातावर तीनदा ठोकली. टक, टक, टक. पडद्यावर काका वळले, शिडीकडे तोंड केलं आणि उतरायला लागले.

राजदीप, माझ्या अंगावर काटा आला. तुझ्या सिनेमात तेवढ्या एका वेळी.

बाहेर आल्यावर बाबुलालनी सांगितलं. त्यांच्याकडे तळघरात उतरण्याआधी वरून कठडा ठोकायची पद्धत होती. पंपांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. खालच्या माणसाने ठोकून उत्तर दिलं की मगच उतरायचं. उत्तर नाही आलं तर थांबायचं, कितीही घाई असो. "भाभी, वो रुका था," ते म्हणाले, "अब जवाब तो देना पड़ेगा न." आणि रुमालाने चष्मा पुसत स्कूटरकडे गेले.

मला हे काहीच माहीत नव्हतं. तेव्हा सेक्टर १०च्या क्वार्टरमधून ते पहाटे निघायचे, संध्याकाळी कपड्यांना तेलाचा वास घेऊन परत यायचे. मी विचारलं, कसं असतं खाली, तर म्हणायचे, "काय असते? खाली असते." मी धुतलेल्या कपड्यांवरून जेवढं कळलं तेवढंच. आमच्या लग्नाचे चार फोटो आहेत, त्यांत ते जमिनीकडे पाहताहेत. प्राचीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते नाहीतच, सगळा वेळ स्वयंपाक्याजवळ उभे होते. माझा नवरा कामावर कसा चालायचा, पायरीवर आधी पायाने जोर देऊन मग कसा भार टाकायचा, उतरताना दोन्ही हात कसे मोकळे ठेवायचा, हे मी पहिल्यांदा तुझ्या सिनेमात पाहिलं. एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाने ते कापून टाकलं असतं. तुझ्याकडे वेळ नव्हता म्हणून ते राहिलं. त्याचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू, मला सुचत नाही.

आता शेवटचं. हे तुलाही माहीत नाही, प्राचीलाही नाही. शिडीखाली पोचल्यावर ते वर पाहून टीनाला म्हणतात, "नीचे मत आना." तिथे सीन संपायला हवा होता. पण ते पुढे बोलतात, "अन आलीच तं दांडी धरून ये. घाई नको करू." हिंदी सिनेमातलं भूत अचानक आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागलं, म्हणून अर्धा हॉल समजून हसला आणि अर्धा न समजता. तू सगळ्यांना सांगितलंस की काका लाइन विसरले, घाबरून मराठी तोंडात आली. राजदीप, ते विसरले नव्हते. ते टीनाशी बोलतच नव्हते. नीट पाहशील तर त्यांची नजर तिच्या बाजूला आहे. तिथे, कॅमेऱ्याच्या मागे, मी नुकतीच येऊन पोचले होते. त्यांचं काम झालं असं समजून मी एका हातात डबा घेऊन शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पाय टाकला होता. ते गेल्यावर कितीतरी दिवस मला वाटायचं की आता इथे थांबून काय करायचं, त्यांच्यामागे गेलेलं बरं. जेवणावरून मन उडालं होतं. प्राचीला मी हे कधी कळू दिलं नाही. आणि मग त्या हॉलमध्ये, एवढ्या लोकांच्या हसण्यात, त्यांनी मला पुन्हा तेच सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन मी कुकर लावला आणि पोटभर वरणभात जेवले. म्हणून म्हणते, तो सीन काढू नकोस. लोकांना हसू दे, तेही हसले असते. प्राचीला मी सांगेन. आणि तू आता घरी ये. आमच्या जिन्याला कठडा आहे, तीनदा ठोक. मी वरून उत्तर देईन.

अजून घाई न करणारी, तुझीच
शालूकाकू