रोज एक, नागा नको

अकोला,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय इफ्फत,

सलाम. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ते तू काल फोनवर सांगितलंस आणि त्यामुळेच हे पत्र लिहावं लागत आहे. तू म्हणालीस, "थकवा जातच नाही व नीलम. तुझी पाकिटं उरली होती, परवापासून पुन्हा चालू केली." मी म्हटलं, "बंद कर. आत्ताच्या आत्ता." तू म्हणालीस, "काहून?" त्यावर भाजी करपते आहे म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

आज सकाळी तुझ्या लेकाला, शाकीबला, फोन करून तुझ्या शिलाई मशीनच्या खणातली पाकिटं काढून घ्यायला आणि तुझं रक्त पुन्हा तपासायला सांगितलं आहे. कारण त्यालाही सांगितलं नाही. पत्रात लिहिते म्हटलं. मी तिकडे येऊनही बोलले असते, पण समोर बसले की तू "जाऊ दे व" म्हणतेस आणि मी जाऊ देते. लिहिलेलं तसं जाऊ देता येत नाही.

इकडे सगळं ठीक. नळ पाचव्या दिवशी येतो, पिंपं भरून ठेवावी लागतात. दुपारचं ऊन आत्ताच चटका देऊ लागलं आहे.

उन्हावरून होस्टेलची गच्ची आठवली. अमरावती, पंच्याहत्तर साल, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. रविवारी केस धुऊन आपण दोघी तिथे बसायचो आणि शेंदूरजनाघाटच्या त्या मुलीने घरून आणलेली संत्री सोलायचो. सालीचा रस तू माझ्या डोळ्यांत उडवायचीस. मी चिडले की म्हणायचीस, "मॅट्रिनबाई, हसा ना जराशा." सगळ्या मुली मला तेव्हापासूनच घाबरायच्या. तू कधी घाबरली नाहीस.

त्याच वर्षी प्रॅक्टिकलच्या तासाला तू चक्कर येऊन पडलीस. तेल्हाऱ्याहून आल्यापासून तू नीट जेवतच नव्हतीस. मेसमध्ये पंगतीच्या टोकाला आपण दोघीच बसायचो. शेजारचं पान नेहमी मोकळं. मला त्याची लहानपणापासून सवय होती, तुला नव्हती. दोन घास खाऊन तू उठायचीस. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातून मला माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या मिळायच्या. त्यातली एक मी रोज तुला देऊ लागले. समोर उभी राहायचे. "गिळली? जीभ दाखव." तू जीभ काढून दाखवायचीस, वर वेडावायचीस. त्यापायीच मी तुझ्या ताटाशीही बसू लागले. भाकरी संपेपर्यंत उठू द्यायची नाही.

मार्चपर्यंत तुझ्या गालांवर रंग आला. जैनबबी तुला न्यायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, माझी पोरगी तू वाचवली." इफ्फत, मला नंतर आदर्श शिक्षिकेची शाल मिळाली, पण त्या हातासारखं काही मिळालं नाही. तुझी तब्येत हे माझं खातं आहे, असं मी त्या दिवशीच ठरवून टाकलं. आज वाटतं, तुला गोळीने बरं केलंच नव्हतं. ताटाशी कुणी बसलं, म्हणून तू जेवलीस आणि बरी झालीस. पण मी श्रेय गोळीला दिलं. गोळी माझी होती ना.

आता पाकिटांचं.

मागच्या उन्हाळ्यात माझी हाडं दुखत होती. रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पाकिटं दिली: आठवड्यातून एक, दुधातून, आठ आठवडे. मला बरं वाटलं. मग सप्टेंबरमध्ये तुझ्याकडे आले, तर तू गुडघे धरून आत बसलेली. ऊन नाही, चालणं नाही. मी मनाशी म्हटलं, हिचा खड्डा मोठा आहे, आठवड्याला एकाने काय भरणार? आणि माझ्या हाताने चिठी लिहून पाकिटांना रबराने बांधली: "रोज एक, दुधातून. नागा नको." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीस पाकिटं. औषधांच्या दुकानदाराने एकदाच विचारलं, "बाई, येवढे?" मी म्हटलं, "मी सायन्सची बाई आहे." पुन्हा विचारायची कुणाची छाती झाली नाही.

एकतीस वर्षं मी फळ्यावर तो तक्ता काढला. अ नाही तर रातांधळेपणा, क नाही तर स्कर्व्ही, ड नाही तर मुडदूस. जास्त झालं तर काय, असा रकाना कधी आखला नाही. एकदा खुशी नावाच्या मुलीने विचारलं होतं, "बाई, आन् जास्त झालं त?" मी म्हटलं, "जास्त व्हायला तू काय राजाच्या घरी जेवतेस?" सगळा वर्ग हसला. ती खाली बसली. तिचा प्रश्न बरोबर होता.

क जास्त झालं तर बरंचसं पाण्यावाटे निघून जातं. ड जात नाही. ते चरबीत घर करून बसतं, रक्तात कॅल्शियम वाढवत राहतं, आणि ते काढता काढता किडनी थकते. हे मी कॉलेजात शिकले होते आणि विसरलेही नव्हते. तुझ्या बाबतीत ते मला लागू वाटलं नाही, एवढंच. डिसेंबरमध्ये तुला सारखी तहान लागत होती, पोट साफ होत नव्हतं, उलट्या होत होत्या. तू मला सांगत होतीस. मी म्हणत होते, "अशक्तपणा आहे. नागा करू नकोस."

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी आले तेव्हा तुला दवाखान्यात नेलेलं होतं. तू मला ओळखलं नाहीस. मला आपल्या होस्टेलची मॅट्रन समजून म्हणालीस, "बाई, मी उपाशी नाही जी. खरंच जेवली."

पुढचं तुला ठाऊक नाही, कारण तू शुद्धीवर नव्हतीस. मंगळवारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी विचारलं, "घरी औषधं कोण देतं?" तुझी सून पुढे झाली. "मी देते." तिने डबी उघडून दाखवली: बी.पी.ची गोळी आणि तुझ्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याने ड इतकं वाढत नाही. कुणीतरी रोज जास्तीचं देत आहे. नीट आठवा." अरीबा म्हणाली, "दुसरं काहीच नाही, सर." शाकीब तिच्यावर ओरडला, "फिर अम्मी को हुआ कैसे?" सगळे तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या पर्समध्ये त्या महिन्याची तीस पाकिटं होती. मी पर्स काखेत घट्ट धरली आणि "पाणी आणते" म्हणून बाहेर गेले.

तू नंतरही काही सांगितलं नाहीस, यात तुझा दोष नाही. तुझ्या लेखी ते औषधच नव्हतं. मीच म्हटलं होतं, "हे औषध नाही, जीवनसत्त्व आहे, जेवणासारखं." आणि वर हेही: "अरीबाला सांगू नको, ती डॉक्टरला विचारत बसेल." तिने विचारलं असतं तर तुझी किडनी आज धड असती.

त्या पोरीला माहेरी जाऊन तीन आठवडे झाले. काल तू म्हणालीस, "गलती कबूल करंल तवा येईल घरात. मोठी अकड आहे तिले." इफ्फत, कबूल करायला तिच्याकडे गलती नाही. ती माझ्याकडे आहे. अकडही.

उद्या तिच्या माहेरी बार्शीटाकळीला जाते. परत आल्यावर हे पत्र पुरं करीन.

सोमवार

जाऊन आले. अरीबाचे अब्बा, अब्दुल सत्तारभाई, दारात गादी भरत होते, अंगभर कापूस. मला बघून उठले, "या बाई" म्हणाले, खुर्ची दिली. मला ते फार जड गेलं.

अरीबाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खाला, तुमाले दवाखान्यातच मालूम होतं?"

मी म्हटलं, "हो."

"मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती. मले वाटे, तुमी तरी बोलसान. बाकी कोणी नाही, पण खाला बोलतीन."

मी हात जोडले. तिने ते खाली केले. "असं नका करू, मोठ्या आहा तुमी. अम्मीले म्हणा, एक फोन करा. शाकीबनं नाही. अम्मीनं."

चहा दिला. स्वतः घेतला नाही.

तू काय करायचं हे मी सांगणार नाही. सांगायचा हक्क मी घालवला. ती सकाळी सातनंतर जागी असते, एवढं तिने सांगितलं ते कळवते. हे पत्र शाकीबला मोठ्याने वाचायला लाव. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. मी रागावणार नाही.

तुझी,
नीलम

सोबत, आज बार्शीटाकळी येथे अरीबा हिच्या हाती दिलं त्याची नोंद:

या पत्राच्या कालच्या भागाची नक्कल, माझ्या सहीने. मिळाली म्हणून तिची सही घेतली आहे.
"आठवड्यातून एक" असं लिहिलेली माझ्या डॉक्टरांची मूळ चिठी.
जानेवारीची पाकिटं, तीस, न उघडलेली. तुझ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी.
सुटाचं कापड, फिकट जांभळं, एक. घेतलं नाही. परत आणलं.