पाठ असलेला तक्ता

५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. कारखान्यात शाळांच्या गणवेशांची बेतणी चालली आहे. इतकं निळं कापड कापलंय की आभाळ दिसलं तरी हात कात्रीकडे जातो.

शेजारच्या काकू सांगत होत्या, तुम्ही त्यांना चहा देताना निम्मा कपाबाहेर ओतलात. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटलात आणि वर चौकटीलाच रागावलात. बाबा, सहासष्टाव्या वर्षी शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवता, मला घास गोड लागत नाही. डोळे तपासा आणि खरं काय ते कळवा.

आशीर्वाद असू द्या.
तुमची ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

काकूंना दुसरा उद्योग नाही. त्या बोलत होत्या म्हणून चहा सांडला. तरी तुझ्या शब्दाखातर चौकातल्या चष्मेवाल्याकडे गेलो. आधी उजवा डोळा, मग डावा, दोन्हींनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. त्याने तोंडात बोट घातलं. वाचणार नाही तर काय! त्याने दुकान थाटलं तेव्हा तो तक्ता पत्र्यावर मीच रंगवून दिला होता. शेवटची ओळ काढताना श्वास रोखून धरावा लागला होता.

तेव्हा काळजी सोड. परवा औषधाच्या दुकानाची पाटी चढवायची आहे. वेळेवर जेवत जा.

तुझा बाबा

१५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग हातातली कात्री खाली ठेवली. बाबा, तक्ता तुम्ही वाचलात की आठवलात? मला बनवा, चष्मेवाल्याला बनवा, शिडीला कसं बनवणार?

मला राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय. आई गेल्यापासून माझं म्हणून तुमच्याशिवाय कोण आहे? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिथल्या भिंतीवर तुमच्या हातचं काही नाही ना, ते आधी बघा.

रागावले तरी तुमचीच,
ठकू

२६ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तू बरोबर ओळखलंस. उजवा डोळा झाकला तेव्हा मला नुसतं धुकं दिसत होतं. ओळी पाठ होत्या, त्या घडाघडा म्हणून दाखवल्या. वाटलं, डोळा गेला म्हटलं की ब्रश गेला, मग मी उरलो कोण?

डॉक्टरबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, आत बॅटरी लावून पाहिलं. काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप कडेकडेने नजर खात येतो. डाव्याचं गेलं ते परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उजवा राखता येईल म्हणतात. शिडी देऊन टाकली. आता पाटी टेबलावर आडवी ठेवून रंगवतो.

आणखी एक. हे रक्तातून उतरू शकतं, मुलांनीही तपासून घ्यावं, असं बाई म्हणाल्या. मी खोटं रेटत राहिलो असतो तर तुला हे सांगितलं कोणी असतं? उद्याच जा. ‘बरं आहे’ लिहू नकोस, डॉक्टर सांगतील ते शब्दन् शब्द लिही.

तुझा अपराधी,
बाबा

४ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले. शब्दन् शब्द लिहिते: दोन्ही डोळ्यांत दाब जास्त आहे, काचबिंदूची नुकती सुरुवात आहे, नजर अजून शाबूत आहे. थेंब चालू केले आहेत, दर तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास नसताना आलात कशा? म्हटलं, माझ्या वडिलांनी मला खरं लिहिलं म्हणून.

तेव्हा ‘अपराधी’ पुन्हा लिहू नका. तुमचं ते पत्र आलं नसतं तर मी कापत बसले असते आणि कडेचं दिसेनासं झाल्यावर दिव्याला नावं ठेवली असती. माझी नजर तुम्ही वाचवलीत, बाबा.

थेंब घातल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलंय. मी सकाळी सातची वेळ धरली आहे. तुम्हीही सातचीच धरा. मला एकटीला बसायला भीती वाटते.

तुमची लेक,
ठकू