वरच्या फळीवरची खोकी

१८ नोव्हेंबर
नाही म्हणाले! रिकामी खोकी मागितली — शर्टांची, आमच्या कपड्याच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलेली — तर पप्पाजी सरळ नाही म्हणाले. मेहरूण वस्तीतल्या मुलांना मी शनिवार-रविवार हस्तकला आणि थोडं विज्ञान शिकवते, हे त्यांना आवडतं. परवाच स्वतःहून कात्र्या आणि रंगीत कागद आणून दिला. माझे सासरे कंजूष नाहीतच. मग पुठ्ठ्यापाशीच का अडले? काही कळत नाही.

१९ नोव्हेंबर
रोनकला विचारलं. "सोड ना जिनल, दुसरीकडून आण." एवढं बोलून मोबाइलमध्ये डोकं. नवरा आहे की भिंत!

२० नोव्हेंबर
आणलीच. पप्पाजी घरी जेवायला आले तेवढ्यात मी दुकानात गेले. पुनाभाऊंनी शिडी धरली — पारोळ्याचे, आमचे सगळ्यांत जुने नोकर. पहिलं खोकं हलकं. दुसरंही. तिसरंही. मला वाटलं होतं, दोन-चारच रिकामी असतील. मी म्हटलं, बाकीच्यांतले शर्ट कुठे गेले?
"वर बठ्ठं रिकामं शे, वहिनी." आणि तोंड फिरवलं.
सगळं रिकामं तर सगळं रिकामं! मग द्यायला काय हरकत होती? हातात मावतील तेवढी घेऊन आले.

२२ नोव्हेंबर
आज चंद्राच्या कला. खोक्यात मधोमध पिंगपाँगचा चेंडू टांगायचा, एका भोकातून टॉर्च मारायचा, बाकीच्या भोकांतून बघायचं. चारुलता नाचायलाच लागली — "टीचर, इकडून अर्धा दिसतो, तिकडून नुसती कोर!"
पप्पाजींना मात्र फळीवरची भगदाडं दिसली. रागावले नाहीत. उरलेली खोकी लांब-लांब मांडली म्हणे, आणि रात्री जेवले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर
रोनक एकदाचा बोलला. प्रियलला धुळ्याचं स्थळ आलंय. मुलगा श्रेयांस, त्यांचंही कपड्याचं दुकान. गुरुवारी येणार, आणि आधी आमचं दुकान बघणार. "दुकान भरलेलं दिसायला नको?"
मग मालच भरा ना, म्हटलं. "पैसे कुठून?" म्हणाला. म्हणजे माल फक्त खालच्या फळ्यांवर! मला घरात येऊन दीड वर्ष झालं आणि कुणी सांगितलं नाही. चीड आली, आणि लाजही वाटली. नणंदेचं लग्न मोडलं तर माझ्या चंद्रामुळे?

२५ नोव्हेंबर
मुलांकडून खोकी परत आणली. चारुलता रडली. चेंडू काढू नका म्हणाली, नाही काढला. भोकं भिंतीकडे करून सगळी फळीवर लावली. पप्पाजी बघत होते. मी बरोबर केलं का चूक, कोण जाणे.

२७ नोव्हेंबर
पाहुणे आधी दुकानातच आले, आम्ही सगळे तिथेच.
चहा झाला, हसणं-बोलणं झालं. श्रेयांसचे वडील रुपचंदजी उठले, वर बघितलं, पप्पाजींना म्हणाले — "तो वरचा निळा दाखवा, शांतीलालजी. मुलाला घेऊ." निळा! खोक्यावरचं चित्र निळं. आत काय, ते मला ठाऊक!
पुनाभाऊ हललेच नाहीत. पप्पाजी स्वतः शिडी चढले. खोकं काढलं तर आत टकटक वाजलं. मग खाली आले आणि म्हणाले, "रिकामं आहे. वरची सगळीच रिकामी आहेत."
प्रियलने मान खाली घातली. मला रडूच यायला लागलं. मी मध्येच काहीतरी बरळले — मुलांचं आहे, चंद्र आहे, टॉर्च लागतो... रुपचंदजींनी मोबाइलचा टॉर्च लावला, भोकाला डोळा लावला, खोकं फिरवून फिरवून पाहिलं. "अच्छा," एवढंच. फोन करतो म्हणून गेले.

२८ नोव्हेंबर
फोन नाही. पप्पाजी मला काहीच म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत?

३० नोव्हेंबर
फोन आला. होकार! वर रुपचंदजींचा माझ्यासाठी निरोप — "सूनबाईंना म्हणावं, धुळ्याला आमच्या वरच्या फळ्यांवरही तसलीच आहेत. मुलांसाठी हवी तेवढी न्या."