नव्या रायफलबद्दल मी बाबांना जे सांगितलं

छोटे,

मी दवाखान्यात सकाळच्या पाळीला निघाले आहे. दूध तापवून ठेवलंय.

काल त्या सेमी-ऑटोमॅटिक एअर रायफलबद्दल बाबांनी मला विचारलं, "घ्यावी का गं धाकटीला? तू नऊ वर्षं नेमबाजी करतेस, तू म्हणशील तसं." मी म्हटलं, "नको. दर वेळी नळी वाकवून एकेक छर्रा भरायची तिची शिस्त जाईल." बाबांनी लगेच मान डोलावली आणि तू ताटावरून उठलीस.

शिस्तीचं ते सगळं मी रचून सांगितलं. परवा मी एकटीच दुकानात जाऊन ती चालवून आले. चाप ओढला की पुढचा छर्रा आपोआप भरला जातो, नळी वाकवावी लागत नाही, त्यामुळे तुझ्या दुखऱ्या खांद्याला ती अगदी हवीच. माझे पाचातले दोन नेम लागले. तुझे पाचही लागतील हे मला तिथेच दिसलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. क्लबात तुला मीच हाताला धरून नेलं होतं. आता तिथे माझी पाळी आली की शिकवणारे सर घड्याळ बघतात आणि तुझी आली की चष्मा पुसून पुढे सरकतात.

बाबांना आत्ता उठवून खरं काय ते सांगितलंय. दुपारी त्यांच्याबरोबर जा आणि घेऊन ये. फक्त आज मला दाखवायला येऊ नकोस. रविवारी दाखव, तोवर मला मनापासून हसायला जमेल बहुतेक.

ताई